रविवारच्या गमतींची उकल फळ्यावर न लावण्याबाबत

दि. १६ जून १९९७

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
ज्ञानवर्धिनी मराठी वाचनालय,
अंबरपेठ, हैदराबाद.

विषय : आकड्यांच्या गमतींची उकल जाहीर करण्यास नकार.
संदर्भ : आपले दि. ११ जूनचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार आबिड्सच्या टपाल कचेरीतून निवृत्त झाला असून गणिताचा पदवीधर नाही. चारचौघांत त्याची जीभ अडखळते. हा अर्ज लिहावा की नाही, यातच त्याचे चार दिवस गेले. तरी दर रविवारी वाचनालयाच्या मागल्या खोलीत तो मुलांना आकड्यांच्या गमती दाखवतो; मुले त्याला तेलुगूत 'ताता', म्हणजे आजोबा, म्हणतात. उत्तर आधीच सांगतो. ते तसे का येते, हे मात्र सांगत नाही. ते मुलांनी शोधायचे, एवढाच त्या वर्गाचा नियम आहे.

२. श्री. कुलदीप सूर्यवंशी यांची तक्रार अशी, की त्यांची मुलगी त्रिवेणी जेवता जेवता ताटात बोटाने आकडे काढत बसते. "परीक्षेत येणार आहे का हे? नाही ना? मग सांगून टाका, पोरगी मोकळी होईल," असे ते अर्जदारास जिन्यातच म्हणाले. त्याचे उत्तर अर्जदार येथे लेखी देत आहे. आपण तर आदेशच दिला, की सर्व उकली फळ्यावर लावाव्यात, अन्यथा खोली संगणकाच्या शिकवणीला दिली जाईल.

३. घडले ते असे. खाली दिलेली गमत सांगताना पहिल्या व शेवटच्या अंकात निदान दोनचा फरक हवा, हे सांगायला अर्जदार विसरला. त्रिवेणीने ४५४ घेतले. सगळ्यांचे उत्तर जुळले, तिचे शून्य. मुले हसली. वर्ग आजच बंद करावा असे अर्जदारास वाटले. ती मात्र म्हणाली, "ताता, माझी संख्या उलटी करूनपण तीच राहते, तर शून्यच येणार. पण ह्या सगळ्यांचं एकच कायकू येतं?"

महोदय, तोवर हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. तो तिचा आहे. त्यावर आयते उत्तर चिकटवणे म्हणजे तिच्या हातातला घास काढून घेणे होय.

४. सबब अर्जदार आदेश पाळणार नाही. संगणकाशी त्याचे वैर नाही. मुलांनी तोही शिकावा. खोली गेली तर वर्ग बाहेरच्या पायऱ्यांवर भरेल.

५. विनंती एकच. आदेश पक्का करण्यापूर्वी आपण मनात एक तीन अंकी संख्या धरावी. पहिल्या व शेवटच्या अंकात निदान दोनचा फरक असावा. ती उलटी करावी. मोठीतून लहान वजा करावी. आलेली वजाबाकी पुन्हा उलटी करून तिच्यातच मिळवावी.

१०८९ आले असेल.

आपण कोणती संख्या धरली, हे अर्जदारास ठाऊक नाही. असे का झाले हे जाणून घ्यावेसे वाटले नाही, तर खोली खुशाल काढून घ्यावी. वाटले, तर रविवारी दहा वाजता यावे. त्रिवेणीच्या शेजारी जागा आहे.

उकल मी तेव्हाही सांगणार नाही.

आपला नम्र, या एका बाबतीत हट्टी,
एकनाथराव देशमुख

सोबत : कोरा कागद एक, आकडेमोडीसाठी.