उशाजवळचं बटण

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरातली बिनतारी उपकरणं ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते कंपनी महिनाअखेर बंद करते आहे. मी इथूनच सगळं दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हलवलं. दार, पंखा ठीक आहेत. अडलंय ते बाबांच्या उशाजवळच्या बटणाशी. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा अंगठा बटणावरून लवकर उठत नाही. जुन्यात तेवढी मुभा देता येत होती. नवीन सॉफ्टवेअर मात्र रेंगाळलेला अंगठा म्हणजे मदतीची हाक समजतं, आणि दिवा न लावता तुझा फोन वाजवतं. ते बदलायची सोय नाही. दिवा ठरल्या वेळी आपोआप लागेल असं करता येईल. करू का? त्यात सोय बाबांची होईल की माझी, हे मलाच नीट सांगता येत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझा धाकटा


ता. ९ ऑगस्ट

चि. शंकेखोरास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की बाबा ऐकतात, म्हणून मीही पत्रच लिहिते. वाचा गेली, पण कान तिखट आहेत.

आपोआप काही करू नकोस. उभ्या जन्मात ज्यांनी आपल्या बसचं स्टीअरिंग दुसऱ्याच्या हाती दिलं नाही, त्यांच्या हातात आता एवढं एक बटण उरलंय. मी तोड काढली आहे. त्यांनी दाबलं की माझा फोन थरथरतो, आणि मी स्वयंपाकघरातून फोनवरच दिवा लावते. त्यांना वाटतं, आपणच लावला. काल लावला, विझवला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू अवघड घाट उतरवून आणलाय.

फोन सारखा हातात बघून शेजारीण म्हणाली, कुठे जुळलंय की काय! म्हटलं, जुळलंय, पण नवरदेवाला दात नाहीत. मग तिला दिव्याचं खरं काय ते सांगितलं.

जेवत जा वेळेवर.

ताई


ता. १६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो, मग हसू ओसरलं. बाबांना आपण फसवतोय का? फसवत असू, तर ते थांबवायचा मला काय अधिकार? रात्रंदिवस फोन तू सांभाळतेस, मी नुसते प्रश्न सांभाळतो. तू बाहेर असतानाही दिवा लागेल, पण फोनला रेंज हवी. तेवढं बघ. मी अजून दोन सॉफ्टवेअर तपासली. दोन्हीकडे तोच नकार.

माया आहेच, ती कमी करू नकोस.

धाकटा


ता. २ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

माझ्या गुडघ्याचा फोटो काढायला गेले होते. तिथे फोन बाहेर ठेवायला लावतात. बाबांपाशी शेजारीण बसली होती. ते बटण दाबत राहिले, दिवा लागेना. त्या बिचारीने समजूत घालायची म्हणून सांगितलं, की दमानं घ्या, दिवा लेकच लावते फोनवरून, आत्ता येईल ती.

मी आले तेव्हा खोलीत अंधार होता. शेजारीण भिंतीवरचं बटण दाबायला उठली, तर त्यांनी मान हलवून तिला बसवलं म्हणे. मला बघून त्यांनी उशाजवळचं बटण अंगठ्याने ढकलत ढकलत गादीच्या काठापर्यंत आणलं, माझ्या बाजूला. मी परत ठेवलं. त्यांनी हात पांघरुणात घेतला. तेव्हापासून तो हात बाहेर येत नाही. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनाही देत नाहीत. मी चिडले, रडले, पाया पडले.

तू म्हणाला होतास तसं आपोआप कर. किती वाजता लावायचा, ते मला विचारू नकोस.

ताई


ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अंधार पडायच्या आत दिवा लागेल असं केलं आहे. तो लागला की इथे माझ्या फोनवर दिसतं. खोलीतलं बाकी काही दिसत नाही.

त्याखाली सॉफ्टवेअर रोज विचारतं, की हे बटण बरेच दिवस वापरात नाही, काढून टाकू का? मी नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारतं.

तुझ्या गुडघ्याचं काय निघालं, ते तू लिहिलंच नाहीस आणि मीही विचारलं नाही.

धाकटा