सातवीच्या घरी भात पोचला नाही

राच दुआ, १२ मार्च

चि. न्हुंगला चौथ्या काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा गुडघा जिना चढू देतो का? धाकट्या टामचा दात पडला की अजून लोंबतोय? तुझ्या विन्ह सरांची पाठ धरली होती, ती सुटली का? आणि तू वेळेवर जेवतेस का? खरं लिही, मी तुझ्या आईला विचारीन. मी ठणठणीत.

तुझा शोध मला बरोबर कळला. एका घरापासून बाकी सगळ्या घरांची जवळची वाट काढायची, पण जुन्या रीतीने पावलोपावली सगळ्यांची क्रमवार रांग लावत बसायचं नाही. जवळची घरं एका टोपलीत, लांबची दुसरीत, एवढ्यावर भागवायचं. अगं, चाळीस वर्षं बाजाराची होडी मी अशीच तर वल्हवली! पण ३१ तारखेपर्यंत लेख संमेलनाला पाठवायचाय, चुकलं तर वर्ष वाया, असं तू लिहिलंस. म्हटलं, एकदा पाण्यात उतरवून बघू.

कालव्यावरची चौदा घरं घेतली. अंतर वल्ह्याच्या फटक्यांत. प्रत्येक घराची एक चिठ्ठी केली; साठाच्या आतली जवळच्या टोपलीत, साठाच्या पुढची लांबच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला केळीच्या पानातला भात. अकरा घरी पोचला. सातवी वहिनी मात्र दार उघडून बसलेली. संध्याकाळी काठी टेकत घाटावर आली आणि मी मेले असं कुणी सांगितलं का, म्हणून विचारू लागली! तिसरी आणि आठवीही उपाशीच. मोजलं, तर तिघींची घरं बरोबर साठ फटक्यांवर. ना या टोपलीत, ना त्या.

दुसऱ्या दिवशी भात घेऊन गेलो, तर आधी कुणाला यावरून तिघींची जुंपली. आपण जन्माच्या नंबराने हाक मारतो तेच कामाला आलं. तिसरी आधी, मग सातवी, मग आठवी. आठवी फणकारली, की आईबापांनी उशीर केला त्याची शिक्षा तिला का.

हे म्हाताऱ्याचं खूळ समज, पण तुझ्या टोपल्यांना भोक आहे का, तेवढं बघ.

तुझा,
चौथा काका

सायगॉन, २० मार्च

ती. चौथेकाकांना न्हुंगचा सा. न.

भोक आहे! पत्र वाचलं आणि सगळा हिशेब पुन्हा मांडत बसले. दोन दिवस जेवले नाही (आईला विचारू नका). बरोबर साठवाल्या सगळ्या जवळच्या टोपलीत घातल्या तर ती उतू जाते आणि माझा वेगाचा हिशेब कोसळतो. लांबच्या टोपलीत घातल्या तरी तीच रड.

मग तुमची आठवी फणकारली ती ओळ परत वाचली आणि मी खुर्चीवरून पडायचीच राहिले. प्रत्येक घराला एक नंबर द्यायचा. अंतर सारखं आलं, तर लहान नंबर आधी! आता दोन घरं कधी बरोबरीत येतच नाहीत, आणि टोपल्या बरोब्बर निम्म्यानिम्म्या होतात. विन्ह सरांना दाखवलं, तर ते टुणकन उठले. पाठ पुन्हा धरली. तसेच वाकून हसत होते.

लेख आजच पाठवला, अकरा दिवस आधी! शेवटी आभार मानलेत तेही जन्माच्या नंबराने: तिसरी, चौथे काका, सातवी, आठवी. सर त्यांच्या घरी नववे, म्हणून तळाला. थोडे रुसलेत.

आईचा गुडघा बरा आहे, टामचा दात भातात सापडला. काकूंना नमस्कार, तुम्हाला एक घट्ट मिठी.

तुमची,
न्हुंग

राच दुआ, २८ मार्च

चि. न्हुंग, भरपूर आशीर्वाद.

पत्र घाटावर उभं राहून मोठ्याने वाचलं, दोनदा. सातवीचं म्हणणं, शोध लागला तो तिच्या रिकाम्या पोटाने. तिसरी नुसती पहिल्या नंबरावर मिरवते. आठवी मात्र भलतीच खूश! उद्याच्या बसने भाताची पुरचुंडी पाठवते आहे. तुला नाही, सरांना. म्हणाली, की जन्मात पहिल्यांदा तिच्यामागे कुणीतरी उभं राहिलंय, त्याला उपाशी ठेवणार नाही.

पुरचुंडी सरांनाच पोचली की वाटेत टामने फोडली, ते लगेच कळव. आठवी आत्तापासूनच विचारते आहे.

तुझाच,
चौथा काका