विशेष काही नाही

४ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. तीन वर्षं माझी कंबर ठणकते आहे. दिवसभर लोकांच्या बुडाखाली मऊ सोफे आणि खुर्च्या बनवून देतो, आणि स्वतः उभ्यानं जेवतो. घरात पाठदुखीवर संशोधन करणारी बहीण असताना तिला एकदा विचारावं, म्हणून एमआरआयची फिल्म पाठवली. आणि तू लिहितेस, फिल्ममध्ये विशेष काही नाही, ही 'अविशिष्ट पाठदुखी' आहे.

तुझ्या वहिनीनं पत्र दुकानातच मोठ्यानं वाचलं. भागीदारानं लगेच विचारलं की विशेष काही नाही, तर मग सोफ्याचं एक टोक धरणार का. म्हणजे मी सोंग करतो, असं आता सख्ख्या बहिणीनंच लेखी दिलं.

त्यापेक्षा सर्जन बरा. दोन वर्षांपूर्वी फिल्म दिव्यासमोर धरून तो म्हणाला होता, "हा मणका सत्तरीतल्या माणसाचा आहे. वाकलात तर संपलात." मी एकावन्नचा. त्या दिवसापासून मी जमिनीवर पडलेला खिळासुद्धा उचललेला नाही. महिनाअखेरीला दोन मणके स्क्रूनं जोडून टाकायचं ठरलंय. तुला काही विशेष सापडलंच, तर त्याआधी कळव.

लोभ आहे, पण सध्या जरा रुसलेला आहे.

तुझा दादा

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिडलास ते बरोबरच आहे. 'अविशिष्ट' हा शब्द आमचा, आणि तो दरिद्री शब्द आहे. अमुक एका जागी बोट ठेवून हेच कारण असं दाखवता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. दुखत नाही, असा नाही. मागच्या बैठकीत मी यावरून भांडले, तर मोठे सर म्हणाले की शब्द बदलायचा तर समिती नेमावी लागेल. आता समिती बसेल, आणि बसून बसून तिची कंबर दुखली तर शब्द बदलेल.

पण माझा खरा संताप तुझ्या सर्जनवर आहे. अरे, ज्यांना कधी कंबर दुखली नाही अशा कितीतरी धडधाकट माणसांच्या फिल्ममध्ये हीच झीज दिसते, हेच मणक्यांमधल्या गाद्यांचे फुगवटे दिसतात. वयानं केस पिकावेत तसं ते आहे. पायातली ताकद, बधिरपणा, लघवीवरचा ताबा हे सगळं मी तुला फोनवर खोदून खोदून विचारलं होतं. त्यात काही वावगं असतं, तर मीच तुला ढकलत ऑपरेशनला नेलं असतं. तुझं दुखणं खरंच आहे. पण वाकलास तर संपलास असं माणसाच्या मनात भरवलं, की पाठ कायम धास्तावून ताठ राहते आणि साध्या हालचालीलाही बोंब ठोकायला शिकते. ती सवय थोडं थोडं हलून मोडता येते का, त्यावरच आमचं काम चाललंय. सगळ्यांना गुण येत नाही, हेही सांगते.

तुझी फिल्म परत पाठवते आहे. सोबत माझीही आहे. प्रयोगात न दुखणारी माणसंही लागतात, म्हणून मीही त्या यंत्रात शिरले होते. तिच्यावर नाव नाही, नुसता नंबर आहे. दोन्ही शेजारी धरून बघ. माझी तुझ्यापेक्षा वाईट आहे, आणि मी जिने धावत चढते.

रागानं का होईना, पण लिहीत राहा.

शेंडेफळ

१७ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पाकीट आलं त्या दिवशी हे अंथरुणाला खिळलेले होते. पत्र वाचायचं त्राण कोणाला नव्हतं. सर्जननं फिल्म घेऊन बोलावलंच होतं, म्हणून पाकिटातली हाताला लागली ती फिल्म घेऊन मी एकटीच तडक गेले. वर नाव नव्हतं, नंबर होता. मला वाटलं, तुमच्याकडची ही पद्धत असेल. त्यांनीही काही विचारलं नाही.

वन्सं, फिल्म बघून त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले की दुखणं फार वाढलंय, या माणसाला अंथरुणावरून उठू देऊ नका, महिनाअखेरपर्यंत थांबायची सोय नाही. येत्या शुक्रवारीच ऑपरेशन आहे. आणि तुम्ही 'विशेष काही नाही' लिहून मोकळ्या झालात! यांचे पाय गेले असते म्हणजे काय केलं असतं तुम्ही? मोठी म्हणून हक्कानं बोलते आहे, मनाला लावून घेऊ नका. जमलं तर शुक्रवारच्या आत या.

तुमची वहिनी

२६ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. आ.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा वहिनीच्या हातून रिसीव्हर सुटायचाच बाकी होता. तू इतकी ओरडत होतीस की मला पलंगावर पडल्या पडल्या ऐकू आलं. ती फिल्म तुझी होती. शुक्रवारी तुझ्या पाठीसाठी माझी पाठ फाडणार होते.

मी तसाच उठलो आणि सर्जनकडे गेलो. ही फिल्म माझ्या बहिणीची आहे आणि तिला काहीही दुखत नाही, असं सांगितलं. लाजेल, चपापेल, निदान खुर्ची तरी देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मग त्यांनाही वाकू नका म्हणावं." ऑपरेशन रद्द असं सांगून मी बाहेर पडलो. दार आपटलं, आणि ते चांगलं वजनदार होतं.

तू सांगितलंस तसं रोज थोडं थोडं वाकतो आहे. दुखतं. काल एक स्टूल उचललं, तर वहिनी ओरडत धावली आणि मग नुसती बघत उभी राहिली. रात्री कंबर ठणकली, सकाळी कमी झाली. बरा झालो, असं म्हणत नाही.

पण माझा संताप काही शमत नाही. गेल्या वर्षी आई गेली. वाकलात तर संपलात, एवढं त्याचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून मी तिला खांदा दिला नाही. भागीदारानं दिला, शेजारच्यांनी दिला, आणि मी मागून हात हलवत चाललो. मला ते झेपलं असतं गं.

एकदा येऊन जा.

दादा