ताहिरची जोड

३ एप्रिल
जत्रेचा फ्लेक्स लागला एसटी स्टँडवर. एक नंबरची कुस्ती — डावीकडे आमच्या तालमीचा नाथाजी, उजवीकडे ताहिर. खाली 'अफगाणिस्तान' एवढं मोठं की पंचांची नावं चेंगरलीत.
ताहिरनं फोटो काढला. मग मला म्हणाला, "नाथा तो अपना ही है ना?"
आहे की, म्हटलं. 

४ एप्रिल
काल नीट लिहिलं नाही. एका तालमीतले दोघं रोज मातीत झटतात, पण मैदानात त्यांची जोड कुणी लावत नाही. एका वस्तादाची पोरं म्हणजे भाऊ. जत्रेच्या कमिटीनं जोड लावली म्हणजे त्यांच्या लेखी ताहिर बाहेरचा. पुण्याला शिकायला आलेला, तिकडं काबूलमध्ये राज्य पालटलं, परत जायची सोय नाही. तेव्हापासून इथं तालमीतच आहे. मी खुराकाची कामं करायला आलो त्याच्याही आधीपासून!
वस्तादांनी अजून हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. ताहिर दिवसभर त्यांच्या तोंडाकडं बघत असतो.

६ एप्रिल
खुराकाचे बदाम आणायला विट्याला गेलो. ओळखीचा ट्रकवाला भेटला, त्याच्याबरोबर थेट वाई. कृष्णेच्या घाटावर बसून राहिलो. बदाम राहिले.

७ एप्रिल
वस्ताद : "तुला विट्याला धाडला आन तू कृष्णा बघून आलास व्हय रं?" बरंच काही बोलले. बरोबरच आहे.
जेवताना नाथाजी ताहिरला म्हणाला, "पावणं, मैदानात जरा हळू आपटा. आमचं लगीन ठरायचं हाय अजून." सगळे हसले. ताहिरही हसला. भाकरी मात्र तशीच ठेवून उठला.

९ एप्रिल
कमिटीचे लालासाहेब आले. "आवं वस्ताद, परदेशी पैलवान बघाय धा गावं लोटत्याल. व्हय म्हणा."
वस्तादांनी ताहिरलाच विचारलं, "नाथावर जाशील?"
त्यानं मान खाली घातली. "आप जो बोलो, वस्ताद."
वस्ताद त्याच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "जा, दूध पी." लालासाहेब खूश होऊन गेले. मला वाटतं ताहिरनं नाही म्हणायला हवं होतं. पण वस्तादांचा शब्द मोडायचा नसतो, हे त्याला इथंच शिकवलंय. आता काय करणार तो?

१० एप्रिल
ताहिरनं पुण्याच्या गाडीची वेळ विचारली. जत्रा झाली की जाणार म्हणाला. पुण्यात कोण आहे तुझं, तर म्हणे, कुणी नाही.
थांब म्हणावं तर मी कुठं कधी थांबलोय. वेळ सांगितली.

१२ एप्रिल
जत्रा. हलगी इथवर ऐकू येतेय, आम्ही सगळे तालमीत बसलोय. सकाळी वस्ताद कमिटीपुढं जाऊन आले — "माझी दोन पोरं एकमेकांवर घालणार न्हाई." कमिटीनं तालमीची झाडून सगळी नावं कापली. गावच्याच मैदानात नाथाजीला कुस्ती नाही.
 मग नाथाजी ताहिरपुढं पालथा पडला. "तुझ्यापायी तालमीत बसलोय, गड्या. आता पाठ तरी रगड."