आडवं ठेवलेलं बाळ

ला तोमा, १० जानेवारी १९६२

चि. निएवेसला ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तीन राजांच्या सणाला तू येऊन गेलीस आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातलं बाळ येशू गायब. गाय आहे, गाढव आहे, मारिया-योसेफ रिकाम्या गवताकडे बघत बसलेत. उंदीर काही पोर्सेलीनचं बाळ नेत नाहीत. हे काम शेजारच्या ओब्दुलियाचं.

नाताळानंतर गोठ्यातलं बाळ उठवून उभं करायचं, न केलं तर कोणीतरी ते पळवायचं आणि परत हवं तर सगळ्या गावाला केक-वाइन घाला, व्हायोलिनवाला आणा, ही रीत मला कोणी शिकवू नये. पण माझा एलियेसेर घरी येईस्तोवर बाळ आडवंच राहील, हे मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. आता हिला जेवायचंय.

एलियेसेर आणि तिचा पोरगा विल्मेर एकाच गाडीने कबीमासला तेलाच्या विहिरींवर कामाला गेले. मला साठ सालच्या जूनपासून चिटोरं नाही. तिला येत असणार. झऱ्यावर मी गेले की तोंड मिटते, कळशी अर्धी भरून पळते. माझ्या पोराचं काहीतरी तिला ठाऊक आहे. उद्या-परवा घरात शिरून बघणारच.

जावईबापूंना खोकल्यावर मध द्यावा, सल्ले नकोत. माया राहू दे.

तुझी ताई
युदोसिया

मेरिदा, १५ जानेवारी

ती. ताईस निएवेसचा वाकून नमस्कार.

पत्र पोचलं. मध दिला, खोकला तसाच आहे. ताई, तू पाद्रीबाबांच्या खेचरावरसुद्धा संशय घेशील. हात जोडते, ओब्दुलियाच्या दारात जाऊ नकोस. एका भिंतीला दोन घरं, आणि दीड वर्ष तुम्ही एकमेकींना शेंगदाणासुद्धा दिलेला नाही. तिचं पोरही लांबच आहे ना?

बाळाची काळजी सोड. निळ्या लोकरीत गुंडाळलेलं, चुलीच्या उबेला मजेत असेल. चोरलेल्या बाळाला कोणी उपाशी ठेवत नाही. तू मात्र वेळेवर जेव.

रागावलीस तरी मला विसरू नकोस.

तुझी
निएवेस

ला तोमा, २० जानेवारी

चि. निएवेसला आशीर्वाद, अर्धेच. का ते कळेल.

तुझं पत्र यायच्या आधीच मी गेले होते. ओब्दुलियाला बाजूला सारून आत शिरले, पेट्या उघडल्या, बटाट्याची पोती उपसली. बाळ नाही. बाळ कुठलं, घरात गोठाच नाही, कोपऱ्यात नुसती फळी. तेव्हा मी ओरडले, विल्मेरची पत्रं कुठे लपवलीस म्हणून. तर तीच माझ्यावर उलटली, म्हणे तुझ्याकडे येतात ती आधी दाखव! तिलाही त्याच जूनपासून काही नाही. तिला वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे, मीच वाईट बातमी दडवतेय. म्हणून झऱ्यावरून पळायची बया.

मग दोघी पोत्यांवर बसून रडलो. तिने कॉफी केली. पांचट होती. प्यायले.

आणि तू गं? निळी लोकर मी पत्रात कुठे लिहिली होती? गोठ्यात तर बाळ उघडंच होतं. सणाला पाव घेऊन आलीस त्याच टोपलीत घालून नेलंस ना? माझं दार पुन्हा गावाला उघडावं म्हणून सख्खी बहीण चोर झाली!

२८ला, रविवारी, घेऊन ये. बाळ उभं करायचंय. बाळाला रुमालात घालून मिरवायचं, त्याचं एक टोक मी धरेन, दुसरं ओब्दुलिया, तिसरं तू, चौथं खोकत का होईना जावईबापू. दोन वर्षं आडवं ठेवून माझं पोर काही आलं नाही. निजलेलं बाळ चालत यायचं कसं, असं ओब्दुलिया म्हणाली. तिचं सगळंच मला पटत नाही, एवढं पटलं.

सोमवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघी कबीमासला निघतोय. एकेका विहिरीवर जाऊन विचारणार. तू आठवडाभर इथेच राहा. मागून पत्र आलंच तर घ्यायला घरात कोणीतरी हवं.

लोभ आहेच, चोरटे.

ताई