काचेच्या कौलाखालचा फ्रिज

४ फेब्रुवारी २००७
आज कुंडलिकशेठनी स्टुडिओतनं हाकलायचंच बाकी ठेवलं! पानशेतच्या बिल्डरचं काम होतं. रिकाम्या बंगल्यांचे फोटू, त्यात कम्प्युटरवरचा सोफा, टेबल, फुलदाणी बसवायची, म्हणजे पुण्याच्या गिऱ्हाइकाला वाटतं घर तयारच हाय. ही चित्रं ज्या सीडीत येतात, तिच्यात सोफ्यांच्या यादीखाली जनावरं बी होती. म्या हॉलमधी सोफ्याशेजारी म्हैस बसवली. सावलीसकट! बिल्डरला दिसलीच न्हाई, त्यानं छापायला धाडली. छापखान्यातनं फोन आला — "सायेब, म्हैस ठेवायची का काढायची?"
शेठ म्हणले, "दानिश, तुला अक्कल न्हाई." मग स्क्रीनकडं बघत बसले. "पण सावली लई भारी पाडलीयस लेका."
दोन महिने घालवलेत सावलीवर. दहावीला दोनदा बसलो, एकदा बी उठलो न्हाई, पण हे जमतं. वस्तू जमिनीला टेकती तिथं काळी, लांब गेली की फिकी. आन उजेड कुठनं येतो ते आधी बघायचं. न्हाईतर सोफा तरंगतो.

९ फेब्रुवारी
अम्मीचं परत वाढलं. किडनी. आता आठवड्यातनं दोनदा पुण्याला रक्त धुवायच्या मशीनवर. अब्बांचा टेम्पो थांबला तर घर थांबतं, म्हणून एसटीनं मी नेतो. शेठ सोडतात. शिव्या देतात, पण सोडतात.
अम्मी म्हणली, "इरफानला कळाया नको."
इरफान माझा मोठा भाऊ. दुबईला वायरमन. भोरातल्या निम्म्या घरांत वायर त्यानंच ओढलीय, आमच्या बी. करारातले सात महिने राहिलेत. मधीच आला तर परत घेत न्हाईत.
अम्मीनं माझा हात उचलून सोताच्या डोक्यावर ठेवला. "कसम खा. तोंडातनं शब्द काढायचा न्हाई."
खाल्ली. डोकं तापलेलं होतं.

१५ फेब्रुवारी
भाईचा फोन — फ्रिज घेतला का? फोटू धाड!
फ्रिजसाठी त्यानं धाडलेले पैसे मशीनमधीच गेले. अम्मी फोनवर, "घेतला की! लई मोठाय! बर्फ होतो त्यात." फोन ठेवला आन माझ्याकडं बघितलं. "तुज्या त्या कम्प्युटरमधी हाय का रं एखादा?"
जल्मभर खोड्या काढल्या म्हणून मार खाल्ला हिचा. आज हीच सांगती, काढ!

१७ फेब्रुवारी
शेठचा कॅमेरा आणला. सैपाकाच्या खोलीतला कोपरा रिकामा केला. अम्मीनं ईदची साडी नेसली. भितीला टेकून उभी.
"फ्रिजवर हात ठेव," म्या म्हणलं.
"कुठंय फ्रिज?"
"हाय असं समज. अजून वर. एवढा बुटका न्हाई तो."
"किती वर धरू रं मुडद्या?"
दोघं बी हसलो. मग तिचा हात भरून आला. तरी खाली घेईना. चार फोटू काढले.

१८ फेब्रुवारी
फ्रिज बसला. पांढरा, दोन दारांचा. अम्मीचा हात बरोबर दारावर. गाल जरा भरले, डोळ्याखालचं काळं पुसलं. घरी दाखवला तर म्हणती, "सावली चुकली."
मला सांगती!
"आकराच्या टायमाला उजेड काचेच्या कौलातनं येतो. चुलीकडं पसरतो. मी त्या उजेडात तांदूळ निवडती, मला म्हाईत न्हाई व्हय?"
खरंच की. मी दारातनं उजेड धरला होता. परत जाऊन बदलली. शेठ मागं उभे होते. म्हशीवरनं बोलतील वाटलं. उलट बिल बी लावलं न्हाई.

२० फेब्रुवारी
भाईचं ईमेल आलं. "झकास. अम्मी लई खूश दिसती." बस, एवढंच.

६ मार्च
सोफा बी झाला. अम्मी कडेला बसली, खरं म्हणजे स्टुलावर. सोफ्याखालची सावली अशी पडलीय की मलाच बसावंसं वाटलं.
मशीन आता आठवड्यातनं तीनदा.

२२ मार्च
पुण्याला नर्सबाईंनी बाजूला घेतलं. "घरात मोठं कोण हाय? भाऊ हाय ना? बोलवून घ्या."
येताना एसटीत अम्मीला म्हणलं, बोलवू का त्याला? ती खिडकीतनं बघत होती. "कसम खाल्लीयस."
"अम्मी, पण..."
"सोफ्यावर बसवलंस मला. आता उठवू नगं."
माझी सावली जेवढी झकास, तेवढा भाई निवांत. तेवढा तो लांब. म्हैस बरी होती. म्हशीनं कुणाचं वाटोळं केलं न्हाई.

२३ मार्च
डोकं चाललं! कसम तोंडाची हाय. सावलीची कुठं हाय?
टीव्हीचा फोटू धाडायचाच होता. टीव्ही बसवला आन सावली पाडली उलटी, कौलाच्या दिशेला, उजेडातच! आंधळ्याला बी कळंल. ल्हानपणी माझी एक खोडी भाईच्या नजरेतनं सुटायची न्हाई. मेन स्विच म्या पाडला की शिडीवरनंच वरडायचा — "दान्या, वर कर!"
आज बी वरडंल. बघंल, म्हणंल, हे खोटंय. तिकीट काढंल.
धाडला.

२७ मार्च
उत्तर आलं. "टीव्ही चांगलाय."
एवढंच! सावलीचं एक अक्षर न्हाई. संगं सोताच्या खोलीचा फोटू. अम्मीला दाखव म्हणला.
भाई गादीवर बसलाय. मागं भितीवर एसी, कोपऱ्यात टीव्ही. खिडकी उजव्या हाताला, ऊन तिकडनं येतंय. आन एसीची सावली बी उजव्याच हाताला.
लई वेळ बघत बसलो. मोठा करून बघितला. वरच्या कोपऱ्यात कायतरी पुसायचं राहिलंय. टाच हाय. माणसाची टाच. वर अजून एक खाट हाय, त्यावर कुणीतरी झोपलंय.
शेठना दाखवला न्हाई. टाच म्या पुसली. सावली सरळ केली. मग प्रिंट काढली.

२८ मार्च
अम्मी तो फोटू उशाखाली ठेवती. शेजारच्या सखूबाई बघायला आल्या की काढती.
"माजा लेक गारव्यात झोपतो बघा, सखूबाई."
"नशीब काढलं पोरानं," त्या म्हणल्या.
अम्मी मला म्हणली, "व्हय ना रं?"
म्या म्हणलं, व्हय.

३ एप्रिल
आज मशीनवर असताना तिनं फोटू मागितला. डाव्या हाताला नळ्या, उजव्या हातात फोटू. म्या खालनं धरला. नर्सबाईंना म्हणली, "हा मोठा." माझ्याकडं बघून, "आन हा उपद्रवी." नर्सबाई हसल्या.

९ एप्रिल
अम्मी गेली. एसटीत. कापूरहोळ ओलांडल्यावर. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबली, आन कुणीच खाली उतरलं न्हाई.

१० एप्रिल
भाईला फोन केला. कसम आता कुणाच्या डोक्यावरची? सगळं सांगितलं.
तिकडं त्याच्या मागं पंख्याचा आवाज येत होता. जुना, खडखडणारा.
"माती दिली?"
"दिली."
"मला येता येत न्हाई. पासपोर्ट कंपनीकडं हाय, देईनात." मग म्हणला, "तू जेवलास का?"
फोन म्याच ठेवला.

२ मे
शेठनी नवीन बंगला दिला. बेडरूम. पलंग, दिवा, गालिचा. सावलीच पाडता येईना. म्हणलं, मला फक्त लग्नाचे फोटू द्या. शेठ म्हणले, "बस तिकडं, चहा पी."

१६ मे
भाई आला. पासपोर्ट एकदाचा दिला त्यांनी. अम्मीचा चाळिसावा दोन दिसांवर असताना. वाळून काटकी झालाय. अब्बांना भेटला, कबरीवर जाऊन आला, मग सैपाकाच्या खोलीत गेला. आकरा वाजले होते. फ्रिजच्या कोपऱ्यात उभा राहिला आन भितीवरनं हात फिरवला, खालपासनं वरपर्यंत.
"हितं पॉइंट न्हाई रं दान्या. म्या हिकडं वायर ओढलीच न्हवती. फ्रिज कशावर चालवला?"
म्या भितीकडं बघितलं. खरंच पॉइंट न्हवता.
"पयल्याच फोटूत कळलं होतं," तो म्हणला.
"मग विचारलं का न्हाईस?"
"विचारलं असतं, तर अम्मीनं मला विचारलं असतं, तू तिकडं कसा ऱ्हातोस."
मग त्यानं हात उचलला, फोटूत अम्मीचा होता बरोबर तेवढा वर, आन हवेत ठेवला. त्याची सावली चुलीकडं पडली.