बटणाभोवतीची फट

वडगाव, बेळगाव
१२ फेब्रुवारी १९४१

प्रिय भरमू,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण पाठचा भाऊ आहेस, दुसरं काय लिहू?

काल सावकारांच्या बंगल्यातल्या न्हाणीत दिव्याच्या बटणाभोवती तू भिंतीत बसवलेली फरशी फोडली. अंबाजी वायरमननं मला मुद्दाम बोलावून दाखवलं. मेन बंद करून त्यानं बटण काढलं. मागचा लाकडी ठोकळा भिजून काळा पडला होता. फरशीला भोक ठोकळ्यापेक्षा लहान पाडायचं असतं म्हणे, म्हणजे ठोकळा वर बसून कड झाकतो. तू मोठं पाडलंस. बोटभर फट राहिली ती सिमेंट थापून बुजवलीस. तिथून पाणी झिरपत राहिलं आणि करंट बटणाच्या पितळी टोपीत उतरला. अंबाजीनं आता बटण दाराबाहेर नेलंय आणि आतली जागा नव्या फरशीनं बंद केलीय. सावकारीणबाईंना मात्र फरशीवरचं फूल शेजारच्या फुलाशी जुळत नाही याचंच दुःख!

चूक सगळ्यांकडून होते रे. तेव्हाच दुसरी फरशी मागितली असतीस तर सावकार चार शब्द बोलले असते, एवढंच. तेवढंही तुला सोसवलं नाही.

त्या दिवशी मी न्हाणी घासत होते. ओल्या हातानं बटण दाबलं आणि हात तिथंच चिकटला. कशी सुटले कळलं नाही. आपटले, केस सुटले, दातखीळ बसली. स्वयंपाकीणबाई ओरडल्या, "अगं बाई, हिच्या अंगात आलंय!" तू अंगणातून धावत आलास. माझ्याकडे पाहिलंस, बटणाकडे पाहिलंस. मला वाटलं, आता खरं सांगशील. तू म्हणालास, "आक्काला ल्हानपणापासनं असं हुतंय. बाहेरचं हाय." मी शुद्धीवर होते, भरमू. सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तू निपाणीला नव्या कामावर निघून गेलास आणि मला कामावरून काढलं. परवा खुद्द सावकारांना त्याच बटणाचा झटका बसला. त्यांच्या अंगात आलं असं कुणी म्हणालं नाही. लगेच वायरमन बोलावला.

आता का लिहिते आहे ते ऐक. वीस दिवस झाले, चंद्रा माझ्याजवळ नाही. सहा महिन्यांची पोर, बाधा लागेल म्हणून सासूनं नणंदेकडे नेऊन ठेवलीय. तिथं तिला शेळीचं दूध पाजतात, आणि इथं मी माझं दूध मोरीत पिळून टाकते. अंबाजी घरी येऊन करंटचं समजावून गेला, तर सासू म्हणाली, "तिचा सख्खा भाऊच सांगून गेलाय की!" ह्यांनी हातमागावरून मान वर केली नाही. पत्र मिळताच पहिली मोटार धर. आमच्या दारात उभा राहा आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांग, भोक मी मोठं पाडलं आणि खोटं मीच बोललो. लोक तुला अडाणी गवंडी म्हणतील. म्हणू देत. मला भुतानं झपाटलेली म्हणतात आणि माझी पोर माझ्या हातात देत नाहीत.

अजून तरी तुझीच,
शालूआक्का